बक्षीस नंतर बघू, आधी उत्तर तरी द्या

मागच्या अंकात एका वाचकाने सहज विचारलं होतं, की कामाच्या ठिकाणी आपण एखादी चांगली सुधारणा सुचवली तर त्याचं काही मिळतं का. मी म्हणलं बाकीच्यांनीही लिहा, तर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळी इथे घेणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचा सूर एकच, 'सुचवलं, कुणी ऐकलं नाही, आता सुचवत नाही.' काही निवडक प्रश्न घेते. नावं कुणाचीच छापत नाहीये कारण खूप जणांनी शेवटी 'प्लीज नाव नको, साहेब वाचतात' असं लिहिलंय. साहेब वाचत असतील तर उलट बरंच आहे.

प्रश्न: ताई, मी एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. आमच्याकडे खोकी आणि टेप टेबलाच्या एका टोकाला आणि लेबलचा प्रिंटर पार भिंतीपाशी, म्हणजे प्रत्येक खोक्यामागे आठ-दहा पावलं जायचं आणि तेवढंच परत यायचं. मी सुपरवायझरला म्हणलं की टेबल आडवं करा आणि प्रिंटर खालच्या फळीवर घ्या. दोन आठवडे काही नाही, मग एका सोमवारी कामावर आलो तर टेबल आडवं! काम खरंच पटापट होतंय. महिन्याच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरनी आधीचा फोटो नंतरचा फोटो असं दाखवलं, त्यांना बक्षीस मिळालं आणि मला ग्रुपवर एक अंगठा आला. काही बोलू का गप्प बसू?

उत्तर: बोला, पण 'माझी आयडिया चोरली' असं म्हणत जाऊ नका, कारण त्या वाक्यानंतर समोरचा माणूस फक्त स्वतःला वाचवत बसतो. त्यांना एकट्यात गाठा आणि म्हणा, 'टेबलाचं मस्त झालं साहेब, मी तुम्हाला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात अजून एक गोष्ट होती, ती पुढच्या मीटिंगमध्ये मी स्वतः सांगू का?' यात त्यांना मागे फिरायला वाट मिळते आणि तुम्हाला मीटिंगमध्ये उभं राहायला मिळतं. माणूस बरा असेल तर हो म्हणेल. नाही म्हणाला तर पुढच्या वेळी कुठे जायचं नाही ते तरी कळलं.

आणि पुढची आयडिया तोंडी सांगू नका, म्हणजे सांगा पण त्याच दिवशी एक मेसेज टाका, 'आज बोललो त्याप्रमाणे' असं लिहून. तीन ओळी पुरतात: आत्ता काय होतंय, काय बदलायचं, आणि त्याने काय वाचेल. या तिसऱ्या ओळीत लोक मार खातात, 'काम सोपं होईल' असलं काहीतरी मोघम लिहितात. तुमच्याकडे तर हिशोब तयार होता हो! एका खोक्यामागे जाऊन-येऊन वीस पावलं धरा, एका शिफ्टमध्ये दोनशे खोकी असतील तर चार हजार पावलं झाली, ती पावलं कंपनी पगार देऊन चालवून घेत होती. हे एका कागदावर तुमच्या नावासकट आणि तारखेसकट असतं ना, तर फोटो कुणीही दाखवला असता तरी नाव तुमचंच राहिलं असतं.

सुपरवायझरची बाजू पण सांगते, राग येईल तुम्हाला. बऱ्याच ठिकाणी हाताखालच्या माणसाची सूचना वर पाठवली म्हणून सुपरवायझरला काहीच मिळत नाही, वर ऐकून घ्यावं लागतं की 'मग तुला इतके दिवस का नाही सुचलं?' असं असेल तर एकतर तो सूचना दाबणार किंवा स्वतःच्या नावावर खपवणार. शहाण्या कंपन्या यावर सरळ उपाय करतात, सुपरवायझरच्या अप्रेझलमध्ये त्याच्या टीममधल्या लोकांच्या किती सूचना अमलात आल्या ते धरतात. मग तोच तुमच्या मागे लागतो की अरे, काहीतरी सुचव.

प्रश्न: आमच्या एचआरचं म्हणणं असं की सुधारणा सुचवणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे, त्याचा पगार मिळतोच, वेगळं बक्षीस कशाला. हे बरोबर आहे का?

उत्तर: अर्धं बरोबर आहे. बक्षिसाच्या योजना जिथे नीट चालतात तिथे साधारण असा नियम असतोच, की जे करण्यासाठी तुम्हाला नेमलंय त्यातली सुधारणा बक्षिसाला धरायची नाही. डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरने डिझाईन सुधारलं तर ते त्याचं कामच आहे, पण अकाउंट्समधल्या बाईंनी सांगितलं की त्या मशीनचं झाकण उलट्या बाजूने उघडलं तर ऑपरेटरला वाकावं लागणार नाही, तर ते त्यांच्या कामात बसत नाही, ते वरचं आहे आणि त्याचं वेगळं काहीतरी द्यायला हवं. घोळ कुठे होतो, तर हा नियम कुठेच लिहिलेला नसतो आणि सूचना आल्यावर सोयीने आठवतो. तेव्हा तुमच्या एचआरला एवढंच विचारा की हे कुठे लिहिलंय, आणि लिहिलेलं नसेल तर लिहा.

बाकी ही काही नव्या जमान्याची फॅडं नाहीयेत. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला विल्यम डेनी म्हणून जहाजं बांधणाऱ्यांची कंपनी होती, त्यांनी 1880 मध्येच कामगारांच्या सुधारणांना पैसे द्यायची योजना काढली होती. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टरने 1894 मध्ये सुरू केली. म्हणजे 'पगारात सगळं आलं' हा वाद सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे आणि त्यात मालक लोकांनीच स्वतःच्या फायद्यासाठी ठरवलंय की वेगळं दिलेलं परवडतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते, जरा विषय सोडून आहे पण सांगतेच. जपानमध्ये 1721 साली तोकुगावा योशिमुने या शोगुनने, म्हणजे तिथल्या खऱ्या सत्ताधाऱ्याने, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकांच्या सूचनांसाठी पेटी ठेवली. चिठ्ठीवर नाव-पत्ता लागायचा, निनावी चिठ्ठी घेत नसत. आणि पेटी मधले अधिकारी उघडत नव्हते, ती शोगुनसमोर जायची. त्यात ओगावा शोसेन नावाच्या एका डॉक्टरने लिहिलं की गरीब आजाऱ्यांसाठी दवाखाना काढा, तर पुढच्याच वर्षी 1722 मध्ये कोइशिकावाला तो दवाखाना निघाला आणि तिथल्या कामाची जबाबदारी त्याच शोसेनकडे दिली! रोख बक्षिसापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं, जो सुचवतो त्याच्याच हातात ते काम द्यायचं. अर्थात आपल्याकडे याचा उलटा अर्थ लावतात, 'तूच बोललास ना, मग आता तूच कर, बाकीचं काम सांभाळून'. ते बक्षीस नाही, ती शिक्षा झाली. शोसेनसारखं काम द्यायचं असेल तर आधीच्या कामातून वेळ काढून द्यावा लागतो.

प्रश्न: मॅडम, मी दुसऱ्या बाजूचा आहे, साठेक लोकांच्या युनिटचा मॅनेजर. मोठ्या हौसेने सजेशन बॉक्स लावला, चांगली सूचना देईल त्याला महिन्याला बक्षीस असं जाहीर केलं. पहिल्या महिन्यात आलं काय, तर पंखा आवाज करतो, बाथरूमची कडी तुटलीये, लाईट कमी आहे, लॉकर छोटे आहेत. यातली एकही सुधारणा म्हणण्यासारखी नाही, सगळ्या तक्रारी. दुसऱ्या महिन्यात दोन चिठ्ठ्या, आता पेटी रिकामी. लोकांना खरंच काही सुचत नाही का?

उत्तर: कोडॅक कंपनीने 1898 मध्ये सूचनांची योजना सुरू केली तेव्हा पहिलं बक्षीस कशाला मिळालं माहितीये? एका कामगाराने लिहिलं होतं की खिडक्या धुवा म्हणजे आत उजेड येईल. दोन डॉलर दिले त्याला. आता ही तुमच्या हिशोबाने तक्रारच झाली ना, लाईट कमी आहे! पण त्यांनी ती सूचना म्हणून घेतली, पैसे दिले आणि बाकीच्यांनी ते बघितलं.

लोक पहिल्या महिन्यात तुम्हाला सूचना देतच नाहीत, ते तुमची परीक्षा घेतात. बाथरूमची कडी ही ती परीक्षा आहे. कडी लागली तर यांना सांगण्यात अर्थ आहे, नाही लागली तर नाही, इतका सरळ हिशोब असतो. तुम्ही त्या चिठ्ठ्या वाचून 'यात काही दम नाही' म्हणून बाजूला ठेवल्या असणार आणि त्या साठ माणसांनी तुमचा निकाल लावून टाकला, तेवढंच झालंय. मला सांगा, ती कडी अजून तुटलेलीच आहे ना?

मी एका ठिकाणी कामाला होते (नाव सांगत नाही), तिथे जिन्याखाली निळी पत्र्याची पेटी होती, छोटं कुलूप. एकदा भिंतीला रंग द्यायचा म्हणून ती काढायची वेळ आली तर किल्ली कुणाकडेच नाही, ॲडमिनने सांगितलं एचआरकडे, एचआरने सांगितलं सिक्युरिटीकडे, शेवटी रंगाऱ्याने पेचकसाने कडीच उचकटली. आत दोन चॉकलेटचे कागद, एक बसचं तिकीट आणि चार चिठ्ठ्या. एक चिठ्ठी वहीच्या पानावर, नीट समास सोडून, मुद्दे पाडून लिहिलेली, माल उतरवायची वेळ एक तास अलीकडे आणली तर संध्याकाळी ट्रक थांबून राहणार नाहीत, अशी. खाली सही आणि तारीख. लिहिणारे काका दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. आणि ट्रक त्या दिवशीही बाहेर लाईन लावून उभे होते. मी तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात गेले की पेटीपेक्षा आधी विचारते, किल्ली कुणाकडे आहे.

तर तुम्ही पेटी तात्पुरती काढली तरी चालेल. एक फळा लावा, त्यावर पंखा, कडी, लाईट, लॉकर अशा सगळ्या सूचना लिहा, समोर कोण बघतंय त्याचं नाव आणि कधीपर्यंत ते. लॉकर बदलणं जमणार नसेल तर 'जमणार नाही, जागा नाही' असं लिहा. नकार चालतो लोकांना, कारणासकट मिळाला की चालतो, गप्प बसणं चालत नाही. पहिलं उत्तर एका आठवड्यात गेलंच पाहिजे, भले ते 'बघतोय' असलं तरी.

आता बक्षिसाचं. 'महिन्याला एक बेस्ट सूचना' हे मला अजिबात आवडत नाही, सरळ सांगते. एक जिंकतो आणि बाकीचे हरतात, आणि दुसऱ्या महिन्यापासून लोक म्हणतात 'त्यालाच मिळणार'. त्यापेक्षा जी सूचना अमलात येईल तिला छोटंसं काहीतरी, सगळ्यांना सारखं आणि लगेच. मोठी बचत मोजता येण्यासारखी असेल तरच पुढे जाऊन टक्केवारी. टक्केवारीच्या योजनेत काय होतं की बचत मोजणारी कमिटी बसते, अकाउंट्स म्हणतं एवढी नाही झाली, सुचवणारा म्हणतो झाली, सहा-आठ महिने त्यातच जातात आणि शेवटी पैसे मिळाले तरी तोंड कडू झालेलं असतं. शिवाय सेफ्टीची सूचना कशी मोजणार? जो अपघात झालाच नाही त्याची बचत किती, हे कुठल्या रजिस्टरला लिहिणार? म्हणून सेफ्टीला ठरावीक रक्कम ठेवा, आणि ती बाकीच्यांपेक्षा कमी ठेवू नका.

पैशाची अजून एक गंमत आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक प्रयोग छापला होता, कॉलेजातल्या मुलांना ठोकळे जुळवायची कोडी दिली, काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि काहींना नाही. पैसे बंद झाल्यावर, मधल्या मोकळ्या वेळात, ज्यांना पैसे मिळाले होते ती मुलं कोड्यांना कमी हात लावायला लागली. यावरून पैसे देऊच नका असं म्हणणारे लोक मला भेटलेत आणि त्यातले बहुतेक जण पैसे देणाऱ्या खुर्चीवरच बसलेले असतात, हा योगायोग बघा. फॅक्टरीतला माणूस हौसेने कोडी सोडवायला आलेला नसतो, त्याला घर चालवायचं असतं. पण एवढं खरं, की सूचनेमागे रेट लावला की लोक एका सूचनेच्या पाच करून देतात, किंवा दोघांनी मिळून काढलेली आयडिया एकटाच जाऊन देतो, वाटून घ्यायला नको म्हणून. टोयोटाची सूचनांची योजना सगळ्यांना माहिती असते, 1951 साली सुरू झाली, त्याच्या आदल्या वर्षी त्यांची माणसं अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात जाऊन बघून आली होती, म्हणजे मूळ कल्पना तिकडचीच. फरक असा की त्यांनी मोठ्या बक्षिसाच्या मागे न लागता बारीकसारीक सूचना ढिगाने येऊ दिल्या आणि सुचवणाऱ्याला सुपरवायझरच्या मदतीने ते स्वतः करून बघायला लावलं.

पंखा मात्र आजच दुरुस्त करा.

प्रश्न: मी सुचवलं की दोन रजिस्टरऐवजी एकच ठेवलं तर डबल एंट्री वाचेल. साहेबांना आवडलं, मला सर्टिफिकेट दिलं, टाळ्या झाल्या. आणि तीन महिन्यांनी माझ्याच शेजारी बसणाऱ्या मुलीला 'आता तेवढं काम नाही' म्हणून काढलं. तिला मी काय तोंड दाखवू? परत कधी काही सुचवणार नाही असं ठरवलंय.

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. चूक तुमची नाहीये, तुम्ही काम वाचवलं, माणूस काढायचा हे दुसऱ्याने ठरवलं. पण तुम्हाला असं वाटणारच आणि तुमच्या ऑफिसात बाकीच्यांनीही हे पाहिलंय, आता तिथे कुणी वेळ वाचवणारी सूचना देईल असं वाटत नाही. एक पगार वाचवायला त्यांनी सगळ्या टीमचं तोंड बंद केलं.

यावर उपाय फार आधीपासून लोकांना माहिती आहे. अमेरिकेत जोसेफ स्कॅनलन म्हणून स्टील कामगारांच्या युनियनमधला माणूस होता, त्याने 1930 च्या दशकात, कंपन्या बुडत होत्या तेव्हा, कामगार आणि मॅनेजमेंट यांच्या एकत्र कमिट्या बसवून एक पद्धत काढली: सूचनांमुळे मजुरीचा खर्च वाचला की त्या बचतीतला वाटा एकट्या सुचवणाऱ्याला नाही, सगळ्यांना. मग शेजारचा माणूस तुमच्या आयडियेवर जळत नाही, मदत करतो. आणि जिथे हे मनापासून करतात तिथे आधीच लिहून देतात की सूचनेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही, काम कमी झालं तर त्या माणसाला दुसरं काम देऊ. तुमच्याकडे पुन्हा कुणी सूचना मागायला आलं तर आधी हे विचारा, चारचौघात विचारा. आणि त्या मुलीला फोन करा, टाळू नका, तिला नवीन जागा शोधायला तुमची ओळख उपयोगी पडत असेल तर ते करा. सर्टिफिकेट फाडायचं असेल तर फाडा, माझी काही हरकत नाही.

प्रश्न: मी रिसर्चमध्ये आहे, माझ्या कामावर कंपनीने पेटंट घेतलंय आणि त्यातून चांगला पैसा कमावतेय. मला एक ट्रॉफी मिळाली. यात काही हक्क असतो का?

उत्तर: हा विषय पेटीतल्या चिठ्ठीपेक्षा वेगळा आहे, इथे कायदा येतो आणि तो देशागणिक बदलतो. जर्मनीत कर्मचाऱ्यांनी लावलेल्या शोधांसाठी 1957 पासून वेगळा कायदाच आहे, मालकाने शोध घेतला तर मोबदला द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये 1977 च्या पेटंट कायद्यात आहे, पण फायदा 'असामान्य' असला पाहिजे ही अट. तिथे इयन शँक्स यांनी 1982 मध्ये रक्तातली साखर मोजायला उपयोगी पडेल असा शोध लावला, कंपनी युनिलिव्हर, आणि त्यांना वीस लाख पाउंड मंजूर झाले ते 2019 मध्ये, सुप्रीम कोर्टात जाऊन. वर्षं मोजा! जपानमध्ये शुजी नाकामुरांना निळ्या एलईडीच्या पेटंटसाठी कंपनीने वीस हजार येन दिले होते. त्यांनी केस केली, 2004 मध्ये खालच्या कोर्टाने वीस अब्ज येन द्यायला सांगितले, 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली, आणि 2014 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

म्हणून ट्रॉफी शोकेसमध्ये ठेवा आणि जॉईन होताना सही केलेला करार बाहेर काढा, त्यात शोधांबद्दलचं कलम असतंच, ते घेऊन पेटंटचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा. राजीनामा देऊन मग भेटू असं करू नका, आधी भेटा.

प्रश्न: सुचवल्यावर 'याचं काही मिळेल का' असं विचारलं तर हलकं दिसतं का?

उत्तर: सुचवताना विचारलं तर थोडं दिसतं. सुचवायच्या आधी 'आपल्याकडे याची काही योजना आहे का' असं विचारलं तर अजिबात नाही. आणि योजना नसेल तर अप्रेझलच्या वेळी वर्षभरातल्या सूचना तारखांसकट समोर ठेवा, इन्क्रिमेंटचं बोलणं तिथून सुरू करा.

प्रश्न: ताई, सगळ्यांना सांगता, तुम्हाला स्वतःला कधी काही मिळालं का हो?

उत्तर: मिळालं ना. रजेचा अर्ज तीन प्रतींत भरायला लागायचा, मी म्हणलं एक पुरे, बाकीच्या दोन कुणी वाचत नाही, मी स्वतः फाईल उघडून बघितलंय. वर्षभराने ऐकलं त्यांनी. मला सर्टिफिकेट दिलं, फ्रेम करून, आणि त्यावर माझं आडनाव चुकीचं छापलेलं. दुरुस्त करून द्या म्हणून गेले तर क्लार्कने शांतपणे ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला आणि म्हणाला, 'नावातल्या बदलासाठी हा भरा, तीन प्रतींत.'